डबीतला तानसेन

परभणीच्या माणसाला दोन म्हणी बाराखडीच्या आधी पाठ होतात. एक 'जगात जर्मनी, भारतात परभणी' आणि दुसरी 'बनी तो बनी, नहीं तो परभणी'. पहिली आपण पाहुण्यांना ऐकवायची असते आणि दुसरी पाहुणे आपल्याला ऐकवतात. यातल्या पहिल्या म्हणीत जर्मनीचा आणि आमचा नेमका संबंध काय, हे मला सत्तर वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. तो संबंध गेल्या मे महिन्यात जुळला. आमचे पुण्याचे साडू आठ दिवसांच्या मुक्कामाला आले आणि येताना बॅगेत, दोन बनियनांच्या मध्ये नीट गुंडाळून, एक जर्मन बनावटीची डबी घेऊन आले.

डबी जेवणाच्या डब्याच्या झाकणाएवढी लांबरुंद आणि वरवंट्याएवढी जड. पुढे एक निळा दिवा, मागे तारा खुपसायला आठ भोकं. साडूभाऊंनी ती दोन्ही हातांनी टेबलावर ठेवली आणि एक पाऊल मागे सरकले. घटस्थापनेला घट बसवून झाल्यावर माणूस जसा मागे सरकतो, तसे. म्हणाले, "हा ऑडिओ स्विच."

मंडळी, ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. हल्ली गाणं तबकडीतून किंवा कॅसेटमधून येत नाही, ते इंटरनेटच्या तारेतून येतं. बाहेरून एकच तार घरात येते. तिला टीव्हीकडे, संगणकाकडे, गाणं वाजवणाऱ्या यंत्राकडे वाटून देणारी जी डबी, तिचं नाव स्विच. दिवा लावायचं बटण वेगळं आणि हे वेगळं. आमच्या स्टेशन रोडला कुठल्याही दुकानात ही डबी हजार-बाराशेला मिळते. साडूभाऊंच्या डबीची किंमत पावणेदोन लाख. आमच्या हिनं चहाचा कप खाली ठेवत विचारलं, "दाजी, त्यात टीव्ही पण येतो का?"

टीव्ही येत नाही. त्यात काहीच येत नाही. त्यातून फक्त जातं. पण साडूभाऊंचं म्हणणं असं की या डबीतून गाणं गेलं की ते न्हाऊन-माखून बाहेर पडतं. तंबोऱ्यावरचा पडदा सरकतो. तबल्याचा बायाँ गाद्यांवरून उठून बसतो. गवयाच्या मागची भिंतसुद्धा ऐकू येते! मी उभ्या आयुष्यात पुष्कळ गवई ऐकले, पण भिंत ऐकायला म्हणून कुठल्या मैफलीला गेलो नव्हतो.

माझं म्हणणं मी सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना रागवायचं आहे त्यांना शेवटपर्यंत ताटकळावं लागणार नाही. स्विचनं गाणं सुधारत नाही. हजाराच्या सुधारत नाही आणि पावणेदोन लाखांच्याही नाही. जे लोक तसं सांगून तो विकतात ते नुसते पैसे घेत नाहीत, आणखी एक गोष्ट घेतात. ती कोणती, ते यथावकाश येईलच.

आता तुम्ही विचाराल, तुम्ही कोण लागून गेलात? रास्त आहे. गाण्यातलं मला फार कळतं असा माझा दावा नाही. पण मी पस्तीस वर्षं टपाल खात्यात काढली. गाणं करणं हे गवयाचं काम, ऐकणं हे रसिकाचं काम आणि मधलं पोचवणं हे आमचं काम. स्विच हा आमच्या जातीतला प्राणी आहे. त्याच्याबद्दल बोलायचा अधिकार साडूभाऊंपेक्षा मला जास्त आहे.

प्रथम साडूभाऊंच्या बाजूनं बोलतो. ते मूर्ख नाहीत. आमची सबंध पिढीच या श्रद्धेत वाढली आणि तेव्हा ती श्रद्धा खरी होती. रेडिओवर परभणी केंद्र लावायचं तर मध्यम लहरींच्या पट्ट्यावर काटा केसाएवढा सरकवावा लागे. खिडकीच्या वर जाळीचा पट्टा ताणलेला असे. पोरानं त्याला हात लावला की बातम्या स्वच्छ आणि हात काढला की खरखर. त्यामुळे सात पाचच्या बातम्या संपेपर्यंत घरातलं एक पोर खिडकीत उभं असायचं. रेकॉर्डची सुई झिजली की गाणारीला सर्दी व्हायची. टेपरेकॉर्डरचं हेड स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं की त्याच कॅसेटमधला गवई दहा वर्षांनी तरुण व्हायचा. तेव्हा साखळीतली प्रत्येक कडी गाण्याला हात लावत होती. प्रत्येक कडी थोडी थोडी चोरी करत होती. म्हणून आपण प्रत्येक कडी पुसली, घासली, बदलली, आणि खरंच फरक पडला.

पण पुढं मधली रीतच बदलली. १९८२ साली सीडी बाजारात आली आणि गाण्याचे आकडे झाले. एका सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाची उंची मोजायची आणि प्रत्येक माप आकड्यात लिहून ठेवायचं. डाव्या कानाचं वेगळं, उजव्या कानाचं वेगळं. तारेतून आता गाणं येतच नाही, गाण्याचा हिशेब येतो. आणि हिशेब पोचवण्याचे नियम वेगळे असतात.

आमच्या खात्यात थैली निघाली की आत किती नग आहेत त्याची यादी सोबत असे आणि थैलीच्या तोंडाला लाखेचं सील. पलीकडच्यानं सील पाहायचं, नग मोजायचे, यादीशी ताळा करायचा. रजिस्टर पत्र असेल तर पोचपावती परत यायची. आता २०२५ साली रजिस्टर टपाल स्पीडपोस्टात विलीन झालं, पण पोचपावतीची किंमत ज्याला कोर्टात उभं राहावं लागलंय त्याला विचारा. इंटरनेटवाल्यांनी अगदी हेच केलं. १९७३ साली अमेरिकेत बॉब मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी संगणकांना जोडणारी ईथरनेट नावाची तार काढली, आणि १९७४ साली व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी पोचपावतीचे नियम छापून प्रसिद्ध केले. त्या नियमांनुसार सीडीच्या दर्जाच्या एका सेकंदाच्या गाण्याची साधारण १२० पाकिटं होतात. प्रत्येक पाकिटाच्या शेवटी आतल्या सगळ्या आकड्यांचा एक ताळा लिहिलेला असतो. वाटेतला स्विच तो ताळा करून पाहतो, शेवटचं यंत्रही पाहतं. ताळा जुळला नाही तर पाकीट फेकून देतात. पोचपावती गेली नाही की पाठवणारा तेच पाकीट पुन्हा पाठवतो.

म्हणजे होतं काय, तर पाकीट येतं किंवा येत नाही. निम्मं येत नाही. मळकं येत नाही. तार वाईट असेल, स्विच बिघडलेला असेल, तर गाणं अडखळतं, थांबतं, यंत्रावर गोल गोल चक्र फिरत राहतं. पण मारवा निघाला आणि पूरिया पोचला, असं होत नाही. 'तब्येत बरी आहे' असं लिहिलेलं पत्र पोस्टमननं इस्त्रीचा गणवेश घालून आणलं म्हणून त्यात 'तब्येत ठणठणीत आहे' असं होत नाही. आणि फाटक्या चपलेनं आणलं म्हणून ताप भरत नाही.

शिवाय ओझं तरी किती? सीडीच्या दर्जाचं गाणं सेकंदाला १४ लाखांच्या आसपास बिट्स मागतं. हजार-बाराशेच्या साध्या स्विचची वाट १०० कोटींची असते. जिंतूर रोडवरून एक सायकल जायची आहे आणि साडूभाऊ रस्ता रुंद करायला निघालेत.

हे सगळं मी त्यांना सांगितलं. ते हसले. पुण्याची माणसं हसतात तेव्हा प्रमाणपत्र परत घेतल्यासारखं वाटतं. म्हणाले, "बिट्स तेच असतात, मान्य. पण प्रश्न वेळेचा आहे. पाकिटं ठेक्यात आली पाहिजेत. साध्या स्विचमध्ये ती मागेपुढे येतात आणि ताल हलतो."

या मुद्द्याला उत्तर द्यायला परभणीइतकं योग्य गाव भारतात नाही. जर्मनीत तर नाहीच. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. येतं तेव्हा पहाटे ३ ला येतं की रात्री ११ ला, धो धो येतं की करंगळीएवढं, याचा नेम नाही. म्हणून प्रत्येक घरावर टाकी आहे. पाणी कसंही आलं तरी आधी टाकीत जातं, आणि सकाळी ७ वाजता मी न्हाणीघरात तोटी सोडतो तेव्हा एकसारखी धार पडते. नळ रात्री किती वेळा गचके देऊन आला, हे तोटीला ठाऊक नसतं. गाणं वाजवणाऱ्या यंत्राच्या पोटातही अशीच टाकी असते. पाकिटं आली तशी तीत पडतात. तिथून ती बाहेर काढून त्यांचा आवाज करायचा तो यंत्राच्या स्वतःच्या घड्याळाबरहुकूम. ते घड्याळ यंत्राच्या आत आहे, स्विचमध्ये नाही. ताल धरायचाच असेल तर तोटीशी धरा, गावाबाहेरच्या पाइपाशी कशाला?

आता प्रत्यक्ष प्रयोगाचा प्रसंग सांगतो. तिसऱ्या दिवशी दुपारी साडूभाऊंनी बैठक मांडली. बाहेर ४३ अंश. प्रथम त्यांनी कूलर बंद करायला लावला, कारण त्याच्या घरघरीत बारकावे बुडतात. हे मात्र शंभर टक्के खरं. बारकावे बुडतात ते कूलरच्या घरघरीत, स्विचच्या नव्हे, एवढाच आमचा मतभेद. घामानं पाठ खुर्चीला चिकटली. मला उगाच आमच्या गंगाखेडच्या जनाबाई आठवल्या. त्यांनी जात्याच्या घरघरीत गायलं आणि ते साडेसहाशे वर्षं पोचतंय. पण मी गप्प बसलो. साडूंपुढे संत काढू नयेत, वाद वाढतो.

गाणं लावलं अब्दुल करीम खाँसाहेबांचं. खाँसाहेब १९३७ साली गेले. म्हणजे मूळ ध्वनिमुद्रण लाखेच्या तबकडीवरचं, सगळा राग तीन-साडेतीन मिनिटांत आणि सोबत सुईची चरचर. ती चरचर आकड्यांत उतरवून, तिची पाकिटं करून, समुद्रापलीकडून परभणीला आणून, जर्मन डबीतून गाळून साडूभाऊ ऐकत होते. "बघा," ते म्हणाले, "चरचरसुद्धा किती स्वच्छ येते!" यावर काय बोलणार? खाँसाहेबांचा तो आवाज आला की माझे डोळे भरतात. पस्तीस रुपयांच्या फुटपाथवरच्या कॅसेटवर ऐकला तेव्हाही भरायचे. मी चष्मा पुसला. साडूभाऊंना वाटलं, स्विच लागू पडला.

आणि तेवढ्यात वीज गेली.

आमच्याकडे इन्व्हर्टर आहे. पंखा, एक दिवा, घरातला राउटर आणि गाण्याचं यंत्र त्यावर चालतं. स्विचची पिन मात्र घाईत साध्या सॉकेटात बसवली होती. त्यामुळे गाणं चालू राहिलं आणि डबीचा निळा दिवा विझला. साडूभाऊ डोळे मिटून बसले होते. दिवा विझल्याला चांगली दहा सेकंदं झाल्यावर त्यांनी बोट वर केलं आणि म्हणाले, "आता ऐका! हा जो अवकाश आहे ना खाँसाहेबांच्या भोवती, हे स्विचचं काम."

मी काही बोललो नाही. फक्त त्यांचं बोट हलकेच धरून डबीकडे वळवलं. त्यांनी डोळे उघडले. डबी मेलेली. खाँसाहेब जिवंत. टाकी भरलेली होती आणि तोटी वाहत होती. एवढा सरळ पुरावा मला फिर्यादीच्या आयुष्यात मिळाला नसता. पण साडूभाऊ क्षणभरच गप्प झाले. मग म्हणाले, "आत गेलेल्या डेटावर संस्कार आधीच झालेले होते."

संस्कार! म्हणजे आकड्यांची मुंज लावून त्यांना आत पाठवलं होतं. मंडळी, या शब्दापुढे विज्ञान हात टेकतं. पाच हा आकडा चांगल्या घरातून आला की जास्त पाच होतो, असं एकदा मानलं की पुढं बोलणंच खुंटलं.

त्यांचा तिसरा मुद्दा विजेच्या गोंगाटाचा. आकडे शुद्ध येतात, पण तारेबरोबर विजेची घाण चढून येते, असं ते म्हणतात. यात मूठभर तथ्य आहे, आणि मूठभर तथ्य हेच नेहमी पोतंभर थापांना पुरतं. तारेवर धातूचं वेष्टन असलं आणि घरातलं अर्थिंग धड नसलं, तर स्पीकरमधून 'हुंऽऽ' असा एकसुरी आवाज येऊ शकतो. पण तो आला तर सगळ्या घराला ऐकू येतो. त्यासाठी कान तयार करावे लागत नाहीत. आणि त्यावरचा उपाय आमच्या गल्लीतला वायरमन सांगतो, "मीठ-कोळसा टाका खड्ड्यात अन् उन्हाळ्यात दोन बादल्या पाणी वता. पैशे काय बी लागत न्हाईत." बाकी वेष्टन नसलेल्या साध्या तारेच्या दोन्ही टोकांना बारीक ट्रान्सफॉर्मर बसवलेले असतात. पाकिटं त्यातून पार होतात आणि दोन यंत्रांच्या विजेचा एकमेकांशी थेट संबंध येत नाही. ती काळजी ईथरनेटवाल्यांनी आधीच घेतलेली आहे. आणि एवढं करूनही ज्याला तारेची भीती वाटते त्यानं तार काढून वाय-फाय वापरावं. जी तार नाहीच, तिच्यातून घाण कशी येणार?

मग निघालं शेवटचं अस्त्र. ते नेहमी शेवटीच निघतं. "तुम्हाला फरक कळत नाही, कारण तुमचे कान तयार नाहीत."

या वाक्याचा मला मनापासून संताप येतो. कारण यात दुकानदाराची सोय आहे. फरक ऐकू आला तर डबी चांगली आणि नाही आला तर गिऱ्हाईक वाईट. असा धंदा आमच्या गुजरीत कुणी केला तर संध्याकाळपर्यंत गाडा उलटा होईल. कान तयार आहेत की नाहीत, हे पाहायची रीत काही अवघड नाही. मध्ये पडदा लावा, कुठली डबी जोडली आहे ते सांगू नका, नाणं उडवून डबी बदला आणि वीस वेळा विचारा. साडूभाऊंना मी हे सुचवलं तर म्हणाले, "संगीत ही परीक्षेची गोष्ट नाही." अहो, पावणेदोन लाख ही तर आहे ना?

परभणीत तरी ही रीत नवी नाही. इथं १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. तिथं नवं वाण निघालं की ते जुन्या वाणाच्या शेजारी लावतात. कुठल्या वाफ्यात कुठलं, हे चिठ्ठ्या टाकून ठरवतात, म्हणजे लाडक्या वाणाला चांगली जमीन द्यायचा मोह कुणाला होऊ नये. 'परभणी क्रांती' नावाची आमची भेंडी देशभर गेली. ती भेंडी पानांच्या शिरा पिवळ्या पडण्याच्या रोगाला दाद देत नाही, हे वाफ्यात दिसलं म्हणून गेली. शास्त्रज्ञाला ती 'अधिक हिरवी, अधिक मोकळी' वाटली म्हणून नव्हे. भेंडीला जी परीक्षा चालते ती डबीला का चालू नये?

जिथं जिथं ही परीक्षा घेतली तिथं मजाच झाली. २०१२ साली एका अभ्यासाचे निकाल प्रसिद्ध झाले. त्यात २१ कसलेल्या व्हायोलिनवादकांना अंधुक चष्मे घालून नव्या आणि जुन्या व्हायोलिनी वाजवायला दिल्या होत्या. जुन्यांत स्ट्रॅडिव्हेरियसही होती, जिची किंमत ऐकून साडूभाऊंनाही घाम फुटेल. बहुतेकांनी घरी न्यायला निवडली ती नवी. २००७ साली मेयर आणि मोरान या दोघांनी आणखी एक परीक्षा छापली. उच्च दर्जाचं म्हणून विकलं जाणारं ध्वनिमुद्रण एकदा तसंच वाजवायचं आणि एकदा साध्या सीडीच्या मापातून काढून. ५५४ वेळा विचारलं, २७६ वेळा उत्तर बरोबर आलं. नाणं उडवून हेच आलं असतं. तिथं निदान आकडे तरी वेगळे होते! स्विचच्या बाबतीत आकडेही तेच असतात.

आता त्या दुपारची राहिलेली गोष्ट सांगतो. ती मी मुद्दाम मागे ठेवली होती.

वीज गेली, इन्व्हर्टर सुरू झाला, आणि मे महिन्यात दमलेल्या बॅटरीनं थोड्याच वेळात पीं-पीं करायला सुरुवात केली. अगदी दात शिवशिवतील अशी बारीक, तीक्ष्ण पीं-पीं. ही स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, ते आधी बंद करा, डोकं उठलं!" मी उठलो. साडूभाऊंनी विचारलं, "काय बंद करायचं?"

"पीं-पीं."

"कसली पीं-पीं?"

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते थट्टा करत नव्हते. इन्व्हर्टर त्यांच्या खुर्चीपासून चार हातांवर होता.

वादात जिंकायला याहून चांगली संधी परमेश्वर देत नाही. पण मला हसू आलं नाही. मग मागचं एकेक आठवू लागलं. दोन वर्षांपासून साडूभाऊ फोनवर "काय? काय?" करतात आणि रेंजला शिव्या देतात. नातीचं बोलणं त्यांना कळत नाही, म्हणतात, 'हल्लीची मुलं स्पष्ट बोलत नाहीत.' आधी त्यांनी स्पीकर बदलले, मग ॲम्प्लिफायर, मग बोटाएवढ्या जाडीच्या तारा आणि आता ही डबी. दर वेळी तक्रार एकच: गाण्यावर पडदा पडल्यासारखा वाटतो. तंबोऱ्याची जवारी पहिल्यासारखी झणाणत नाही.

बरोबर आहे. साठी ओलांडली की कान वरच्या बाजूनं झिजतात. आधी अतिबारीक सूर जातात, मग जवारीचा झणत्कार जातो, मग बोलण्यातले 'स', 'श', 'फ' पुसट होतात. शब्द ऐकू येतात आणि समजत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना सांगते की साठीच्या पुढच्या माणसांत दर चारांत एकाहून अधिक जणांचं ऐकणं आयुष्यात अडचण यावी इतकं कमी झालेलं असतं. हे इतक्या हळू होतं की माणसाला वाटतं, कान तेच आहेत, जगच मऊ झालं.

आणि आता ऑडिओच्या डब्या विकणाऱ्यांची जाहिरात वाचा. 'पडदा दूर होईल. झळाळी परत येईल. हरवलेले बारकावे पुन्हा ऐकू येतील.' मंडळी, ही गाण्याच्या दोषाची लक्षणं नव्हेत, कानाच्या आजाराची आहेत! ज्याला खरोखर पडदा जाणवतो, ज्याच्याकडे निवृत्तीचे चार पैसे आहेत आणि ज्याला गाण्याचं वेड आहे, अशा माणसाला नेमकं त्याचंच दुखणं वाचून दाखवायचं आणि औषध म्हणून टपालाची पिशवी विकायची. विकणाऱ्याला हे ठाऊक असेल-नसेल, परिणाम तोच. पावणेदोन लाख गेले त्याचं मला फार दुःख नाही, पैसे साडूंचे आहेत. पण दोन वर्षं गेली. त्या दोन वर्षांत नातीनं आजोबांना काय काय सांगितलं असेल! सुरुवातीला मी म्हणालो होतो, हे लोक पैशाबरोबर आणखी एक गोष्ट घेतात. ती ही.

साडूभाऊ पुण्याला गेले. बहिणीनं बहिणीला सांगितलं आणि शेवटी दोघींनी मिळून त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. बंद खोलीत बसवून, कानाला यंत्र लावून तपासणी झाली. गंमत पाहा, तिथं त्यांना पडद्यामागून, न सांगता, एकेक सूर ऐकवला आणि ऐकू आला की बटण दाबायला सांगितलं. म्हणजे मी सुचवलेली परीक्षाच! कागदावर आलेख निघाला. डावीकडे ठीक चाललेली रेघ तीन हजार कंपनांच्या पुढे येलदरीच्या धरणाच्या भिंतीसारखी सरळ खाली. डॉक्टरांनी दोन्ही कानांना यंत्रं सुचवली.

यंत्रं अजून घेतलेली नाहीत. का, तर लोक काय म्हणतील! म्हातारा झाला म्हणतील. वरवंट्याएवढी डबी दिवाणखान्याच्या मधोमध मांडून येणाऱ्या-जाणाऱ्याला तिची किंमत सांगायला ज्याला लाज वाटली नाही, त्या माणसाला शेंगदाण्याएवढं यंत्र कानामागे ठेवायची लाज वाटते. चष्मा लावताना वाटली नाही, कवळी बसवताना वाटली नाही. कानाचीच का, हे मला कळलेलं नाही. पण ही लाज आहे तोवर डब्या खपत राहणार, हे मात्र कळलं.

तेव्हा ज्यांना घरच्या गाण्यात सुधारणा हवी आहे त्यांच्यासाठी माझी यादी देऊन ठेवतो. खर्चाच्या चढत्या क्रमानं आहे. ऐकताना कूलर बंद करा. सोसवत नसेल तर गाणं रात्री ऐका. स्पीकर भिंतीला टेकलेले असतील तर हातभर पुढे ओढा. उघड्या फरशीवर सतरंजी टाका, खिडकीला जाड पडदा लावा. बंद खोलीतला आवाज फरशीवर आणि भिंतीवर आपटून जेवढा बिघडतो तेवढा कुठल्याच तारेत बिघडत नाही. स्विच हजार-बाराशेचा घ्या. मग कान तपासून घ्या. आणि एवढं करून पैसे उरलेच, तर गावातल्या एखाद्या गाणं शिकणाऱ्या पोराला घरी बोलवा, बैठक करा, त्याच्या हातावर बिदागी ठेवा. तो समोर बसून गातो. त्याच्या मागे भिंत असते आणि ती चक्क दिसते.

साडूभाऊंना मी हेच कळवलं. फोनवर कळवून उपयोग नव्हता, म्हणून पत्र लिहिलं. चार ओळींचं: 'साडूभाऊ, यंत्रं घ्या. नातीसाठी घ्या. दिवाळीला परभणीला या. कूलरही बंद असेल.' साध्या पोस्टकार्डावर लिहिलं आणि पेटीत टाकलं. मजकूर तोच पोचेल, याची मला पस्तीस वर्षांच्या नोकरीची खात्री आहे.